रडायची जागा : ‘स्मृतिचित्रे’ दुःखाचं पुस्तक म्हणून वाचताना

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आपल्यातल्या बहुतेकांना भेटतं ते शाळेच्या पुस्तकातल्या एखाद्या उताऱ्यातून. त्यामुळे डोक्यात एक ठरलेलं चित्र असतं. विसराळू, उधळ्या कवी नवरा, त्याच्या तऱ्हांनी वैतागलेली पण मिश्कील बायको आणि साधी, घरगुती भाषा. पुस्तक वाचताना हसू येतं, हे खरंच आहे. पण मला या लेखात दुसरंच काही म्हणायचं आहे. ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतलं दुःखाबद्दलचं एक फार मोठं पुस्तक आहे. दुःखात सापडलेल्या माणसाला श्रद्धा, इथे ख्रिस्ती श्रद्धा, नेमकं काय देऊ शकते आणि काय देऊ शकत नाही, याचा इतका प्रामाणिक हिशोब मी मराठीत दुसरीकडे वाचलेला नाही.

हे पुस्तक मी साहित्याचा विद्यार्थी म्हणून वाचलेलं नाही. मी इंजिनिअरिंग केलं, पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, गाव गोंडपिपरी. चंद्रपूरहून अहेरीकडे जाताना लागतं ते. तालुक्याच्या टोकाला वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना भेटतात आणि पुढे प्राणहिता होऊन वाहतात. २०२१च्या एप्रिलमध्ये बाबा गेले. त्या वर्षी ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना वेगळं सांगायला नको. अंत्यविधीला चार माणसं, तेरवीलाही जेमतेम तेवढीच. पुढे काही महिन्यांनी शेजारच्या एका नर्सबाईंसोबत आई रविवारच्या प्रार्थनेला जायला लागली. तिने बाप्तिस्मा घेतलेला नाही. देवघर जागेवर आहे, दिवाही लागतो. तरी नातेवाइकांचे फोन सुरू झाले. काहींनी ‘बाटली’ हा शब्द वापरला, काहींनी मला ‘आईला समजाव’ म्हणून सांगितलं.

मी तिला फक्त विचारलं, तिथं जाऊन काय होतं? ती म्हणाली, “मले तिथं रडाले जमते रे बाबू. घरी तं सारेच म्हन्ते, रडू नको.”

या उत्तराने माझ्यापुढे एक प्रश्न टाकला, आणि तो प्रश्न घेऊन मी ‘स्मृतिचित्रे’ मोबाइलवर, बस-ट्रेनमध्ये, रात्री उशिरा, असं तुकड्यातुकड्यांत वाचलं. प्रश्न असा : श्रद्धा दुःखावर पेनकिलरसारखी चालते का? आणि तशी चालत नसेल, तर तिच्यातून येणारी आशा नेमकी कशाची बनलेली असते?

मीठसुद्धा धुणारं घर

पुस्तकाची सुरुवातच बघा. लक्ष्मीबाई, म्हणजे माहेरच्या मनकर्णिका गोखले, आपल्या जन्मापासून सुरुवात करत नाहीत. त्यांच्या घराण्यात १८५७च्या बंडाचा घाव आहे, आजोबांना फाशी झालेली आहे. त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं, असं त्या सांगतात. बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट धुवून घ्यायची. मीठसुद्धा. घरातल्या बायकांचं आयुष्य या धुण्यात आणि विटाळाच्या भीतीत जातं.

हे सगळं त्या अशा सुरात सांगतात की आपण हसतो. पण जरा थांबून पाहिलं की लक्षात येतं, हा एका माणसाचा न संपलेला शोक आहे. घरावर मरण येऊन गेलं, त्यावर कुणी काही बोललं नाही, आणि मग तो माणूस सगळं जग धूत बसला. आज आपण याला ट्रॉमा म्हणू. लक्ष्मीबाईंकडे तो शब्द नव्हता, पण निरीक्षण होतं. दुःख माणसाला आतून कडी लावायला लावतं आणि त्या बंद दाराला तो धर्म म्हणायला लागतो, हे त्यांनी पहिल्या काही पानांतच दाखवून ठेवलं आहे.

माझ्या मते संपूर्ण पुस्तकाची किल्ली इथे आहे. सुरुवातीच्या घरात शोकामुळे दार बंद होतं. पुढच्या भागांत, धर्मांतरानंतरच्या टिळकांच्या घरात, तेच दार उघडत जातं. अनाथ मुलं येतात, दुष्काळातली माणसं येतात, कोणत्याही जातीचा पाहुणा येतो. लक्ष्मीबाई कुठेही ‘ख्रिस्ताने मला सांत्वन दिलं’ असं लांबलचक सांगत बसत नाहीत. त्या एकामागून एक घरं दाखवतात. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंतचा प्रवास बघितला की त्यांच्या आयुष्यात श्रद्धेने काय केलं ते कळतं.

आधी घाव, मग औषध

आशेच्या कथेचा एक ठरलेला साचा असतो. माणूस दुःखात असतो, त्याला देव भेटतो, दुःख हलकं होतं. प्रार्थनासभांमध्ये दिल्या जाणाऱ्या ‘साक्षी’ बहुतेकदा या साच्यातल्या असतात. कोडच्या भाषेत सांगायचं तर सरळ इफ-एल्स. युट्यूबवर अशा शेकडो साक्षी आहेत, आणि त्यातल्या काही, विशेषतः आजार बरा झाल्याचे दावे करणाऱ्या, मला धोकादायक वाटतात. ज्याचं माणूस बरं झालं नाही, त्याने मग काय समजायचं? त्याची प्रार्थना कमी पडली?

‘स्मृतिचित्रे’ हा साचा उलटा करतं. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात ख्रिस्ती धर्म आधी दुःख म्हणून येतो. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एक गोरा सहप्रवासी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार देतो. वाचन सुरू होतं, डोंगरावरच्या प्रवचनाने टिळक हलून जातात, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा होतो. इकडे लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळतं. नवरा जिवंत आहे, पण समाजाच्या लेखी तो गेला. लेकरं गमावल्याचं दुःख पदरी आहेच. लहान मुलाला घेऊन त्या काही काळ पंढरपुरात नातेवाइकांकडे राहतात. याच काळात त्यांच्या तोंडून कविता बाहेर पडायला लागते, आणि ती ख्रिस्ताबद्दलची नसते. ख्रिस्ताकडे गेलेल्या नवऱ्याच्या विरहाची असते.

म्हणजे ज्या श्रद्धेने त्यांना पुढे उभं केलं, तिनेच आधी त्यांना मोडलं होतं. ही गोष्ट त्या लपवत नाहीत, आणि नंतर ख्रिस्ती झाल्या म्हणून तिला गोडही करत नाहीत. पुस्तक छापलं जाऊ लागलं १९३४मध्ये, म्हणजे त्या घटनेनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. इतक्या वर्षांनंतर, त्याच श्रद्धेत आयुष्य काढलेली बाई, ‘त्या वेळी मला हे भयंकर वाटलं होतं’ हे पूर्ण ताकदीने सांगते. धर्मप्रसारासाठी लिहिणाऱ्याने हा भाग दोन ओळींत उरकला असता. लक्ष्मीबाईंनी त्याला पानंच्या पानं दिली. त्यांच्यावर विश्वास बसतो तो यामुळे.

त्यांचं स्वतःचं धर्मांतर टिळकांच्या सुमारे पाच वर्षांनंतरचं. तेही कुठल्या चमत्काराने किंवा स्वप्नाने झालेलं नाही. आधी त्यांच्या मनातली जात गळून पडते. देवाने माणूस केला, मग या जाती कुणी केल्या, असा विचार करत बसलेल्या बाईला अचानक कुणाच्याही हातचं खाण्यापिण्यात काही वावगं वाटेनासं होतं. मीठ धुणाऱ्या घरातल्या मुलीसाठी ही केवढी मोठी गोष्ट! माझ्या वाचनात हाच त्यांचा खरा बाप्तिस्मा आहे. पाण्याचा विधी त्यामागून आला. दुःखातून बाहेर पडायला त्यांना आधी भीतीतून बाहेर पडावं लागलं.

रमाबाईंची आठ वर्षं

इथे पंडिता रमाबाईंची आठवण होते, कारण मराठीत दुःख आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचा विषय त्यांच्याशिवाय पुरा होत नाही. त्यांच्या वाट्याला आलेल्या मृत्यूंची यादीच भयंकर आहे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेले. १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, आणि १८८२मध्ये तेही गेले. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये सोबतीला असलेल्या मैत्रिणीने आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबर १८८३मध्ये, वाँटेज इथे रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बाहेरून बघणारा म्हणेल, दुःखाने खचलेली बाई धर्माच्या आधाराला गेली. पण रमाबाई स्वतः काय सांगतात ते महत्त्वाचं. १९०७च्या आपल्या साक्षीत त्या म्हणतात की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला पुढे सुमारे आठ वर्षं गेली. मधल्या काळात त्या शिकत होत्या, अमेरिकेत भाषणं देत होत्या, १८८९मध्ये शारदा सदन सुरू करत होत्या, आणि धर्मगुरूंशी वादही घालत होत्या. इफ-एल्सचा साचा इथेही मोडतो. आशा लगेच ‘रिटर्न’ होत नाही.

आणि जेव्हा ती येते तेव्हा तिचं रूप काय असतं? १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो उपाशी मुली-बायकांना सोबत घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता, म्हणून हा तपशील मला जवळचा वाटतो. दुष्काळात सगळं घर गमावलेली मुलगी वीस वर्षांनी दुसऱ्या दुष्काळात परत जाते. तिला तिचं घर परत मिळत नाही, ती इतरांना घर देते. पुढे १९२१मध्ये मनोरमाही गेली. हा शेवटचा घाव श्रद्धेने अडवला नाही. रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या आणि एप्रिल १९२२मध्ये त्यांचाही मृत्यू झाला.

रमाबाई आणि लक्ष्मीबाई या दोघींच्या लेखनात फरक मोठा आहे. रमाबाई युक्तिवाद करतात, आपली बाजू मांडतात, वाचकाला आपल्याकडे वळवू पाहतात. लक्ष्मीबाई गप्पा मारतात. पण दोघींच्या आयुष्यात एक गोष्ट सारखी आहे. आशा ही मनातली भावना म्हणून उरत नाही, तिचं एक काम होतं, आणि ते काम कुणाच्या तरी भुकेशी जोडलेलं असतं.

हसणं हे उत्तर नाही, पण

‘स्मृतिचित्रे’मधल्या विनोदाबद्दल बरंच बोललं गेलं आहे. मला त्याचं स्थान जरा वेगळं दिसतं. लक्ष्मीबाई दुःख झाकायला हसत नाहीत. प्लेग, दुष्काळ, दारिद्र्य, मृत्यू हे सगळं पुस्तकात उघड्यावर आहे. पण एखाद्या भयंकर प्रसंगातही त्यांना टिळकांचं वेंधळेपण दिसतं, स्वतःचा हट्ट दिसतो. म्हणजे दुःखाने त्यांची नजर पूर्ण व्यापलेली नाही, बाजूला थोडी जागा शिल्लक आहे. बाबा गेल्यावर आमच्या घरात सहा महिने कुणी त्यांच्याबद्दल गमतीचं काही बोललं नव्हतं. जणू हसलो तर अपमान होईल. लक्ष्मीबाई हा नियम पाळत नाहीत. ९ मे १९१९ रोजी गेलेल्या नवऱ्याबद्दल त्या पंधरा वर्षांनी इतकं मोकळं, इतकं चिडून आणि इतकं प्रेमाने लिहितात की तो माणूस फोटोतून उतरून खोलीत येतो.

टिळकांच्या स्वतःच्या कवितेत दुःखाचा मार्ग निराळा आहे. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा माउली आहे, सखा आहे, गुरू आहे. वारकरी ज्या हक्काने विठ्ठलाशी भांडतो, रुसतो, रडतो, तो हक्क टिळक ख्रिस्तापाशी घेऊन गेले. मिशनच्या चर्चमधल्या भाषांतरित गीतांच्या शेजारी हे अभंग ठेवले की फरक लगेच जाणवतो. परक्या भाषेत माणूस शिस्तीत प्रार्थना करतो, रडतो मात्र आपल्या भाषेत. तरी एक तक्रार नोंदवतो. टिळकांच्या अभंगांत पुष्कळदा शरणागती फार लवकर येते. वेदना सुरू होते न होते तोच समर्पणाने तिच्यावर पडदा पडतो. लक्ष्मीबाईंचं गद्य अशी घाई करत नाही, म्हणून दुःखाच्या बाबतीत मला पत्नीचं गद्य पतीच्या पद्यापेक्षा वरचढ वाटतं.

गंमत म्हणजे बायबललाही ही घाई नाही. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं सरळ तक्रारी आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा येत नाही. ‘विलापगीत’ नावाचं अख्खं पुस्तक त्यात आहे. आणि योहानाच्या शुभवर्तमानातला लाजरचा प्रसंग बघा. येशू आता काही वेळात लाजरला उठवणार आहे, आणि ते त्याला ठाऊक आहे. तरी लोकांचं रडणं पाहून तो आधी रडतो. शेवट माहीत असलेला माणूससुद्धा रडतो, हे मला त्या ग्रंथातलं सर्वांत धीर देणारं ठिकाण वाटतं. मी श्रद्धाळू नाही, पण आई जे म्हणाली त्याचा मुळाचा धागा इथे सापडतो. तिला त्या रविवारच्या खोलीत कुणी ‘सगळं ठीक होईल’ एवढंच सांगत असतं तर ती दुसऱ्यांदा गेली नसती. तिथे रडण्याला वेळ आणि जागा राखून ठेवलेली आहे.

पुस्तकाच्या मर्यादा

इतकं कौतुक केल्यावर पुस्तकाच्या कमतरताही सांगायला हव्यात. ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग एकसारख्या ताकदीचे नाहीत. टिळकांच्या मृत्यूनंतरचा भाग सैल आहे. प्रसंग येतात-जातात, आधीची वीण राहत नाही. लक्ष्मीबाई १९३६मध्ये गेल्या, तोवर हे लेखन चाललेलं होतं, हे लक्षात घेऊनही ते जाणवतं.

दुसरं, त्या आपल्या प्रार्थनेबद्दल फार कमी बोलतात. रात्री एकट्या असताना त्या देवाशी काय बोलत होत्या? टिळक गेल्यावर विश्वास डळमळला का? या जागा रिकाम्या आहेत. मला वाटतं त्याचं अर्धं उत्तर ‘ख्रिस्तायना’त आहे. टिळकांनी सुरू केलेलं आणि त्यांच्या मृत्यूने अर्धवट राहिलेलं हे ओवीबद्ध काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं, त्यातले बहुतेक अध्याय त्यांचेच आहेत. काव्य म्हणून ते आज सलग वाचणं जड जातं, हे मान्य. पण गेलेल्या माणसाचं अपुरं काम रोज थोडं थोडं पुढे लिहीत राहणं, हा शोकाचा किती शहाणा प्रकार आहे! दुसऱ्याने अर्ध्यात सोडलेला कोड ज्याने हातात घेतला आहे त्याला कळेल, त्या माणसाच्या डोक्यात शिरल्याशिवाय एक ओळही पुढे सरकत नाही. लक्ष्मीबाई अनेक वर्षं असं टिळकांच्या डोक्यात राहून लिहीत होत्या.

तिसरी मर्यादा पुस्तकाची नाही, आपल्या वाचनाची आहे. टिळक, रमाबाई, हे सगळे ब्राह्मण घरांतून आलेले, शिकलेले, ज्यांच्या धर्मांतराची वर्तमानपत्रांत चर्चा झाली असे लोक. मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग दलित आणि आदिवासी घरांतून आलेला आहे. त्यांच्यासाठी मिशनचा दवाखाना, शाळा आणि प्रार्थना एकाच वेळी आल्या, आणि दुःख म्हणजे फक्त मृत्यू नव्हता, रोजचा अपमानही होता. त्या दुःखातून आलेल्या आशेचं ‘स्मृतिचित्रे’ मराठीच्या मुख्य कपाटात दिसत नाही.

आमच्या भागाचा याच्याशी एक जुना संबंध आहे. १८४५मध्ये नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांचं लिंगोचं गाणं लिहून घेतलं. १८६३मध्ये टाकळघाटहून परतताना ते नाल्याच्या पुरात बुडून गेले, आणि त्यांचे कागद १८६६मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. त्या गाण्यात भावांनी ठार मारलेला लिंगो पुन्हा जिवंत होतो. मेलेलं कुणी परत उठतं ही आशा आमच्या जंगलात बायबलच्या आधीही गायली जात होती, आणि ती कागदावर आणली एका पाद्र्याने. ‘बाहेरून आलेला धर्म’ आणि ‘आपलं’ अशी सोपी विभागणी करणाऱ्यांनी या एका गोष्टीपाशी थोडं थांबावं.

१९१७मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. टिळक दोन वर्षांत गेले आणि तो प्रयोग पुढे फारसा वाढला नाही. पण आज व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर ‘ती अजून आपली आहे की त्यांची झाली’ असा हिशोब मांडला जातो तेव्हा मला त्या दरबाराची आठवण येते. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी कवीने या प्रश्नालाच नकार दिला होता.

तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ वाचाच. संपूर्ण वाचा, शाळेतल्या उताऱ्यावर थांबू नका. मराठी वाचायला वेळ लागत असेल तर शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद आहे. तुमच्या घरात कुणी गेलं असेल तर या पुस्तकात तुम्हाला तयार उत्तर मिळणार नाही. एक बाई मिळेल, जिने बंद दारांच्या घरात जन्म घेतला, श्रद्धेपायीच घर गमावलं आणि शेवटी असं घर मांडलं की आल्या-गेल्याला तिथं जेवायला मिळेल, रडताही येईल आणि हसताही येईल. असं घर मांडणाऱ्या बायका आमच्या तालुक्यातही आहेत. धानाची रोवणी करून, तेंदूपत्ता तोडून, रात्रपाळीची नोकरी करून त्या रविवारी एकत्र बसतात. त्यांनी आपल्या बोलीत आपलं पुस्तक सांगितलं, तर ते लिहून घ्यायला मी तयार आहे.